तिजोरी आणि किल्ली : डेनिस रिची

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. हार्वर्डला पदार्थविज्ञान शिकून १९६७ साली ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे १९६९ पासून केन थॉम्पसन यांच्याबरोबर त्यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली उभी केली, पुढे सी भाषा निर्माण केली. १९९१ साली आलेली लिनक्स याच वळणावर घडली.

मला त्यांची थोरवी एका लहानशा युक्तीत दिसते. लिनक्सवर 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञा देऊन मी माझा पासवर्ड बदलतो. पण तो ज्या फाइलीत नोंदला जातो, ती 'रूट'ची, म्हणजे सर्वाधिकाऱ्याची. तिला हात लावण्याचा हक्क मला नाही. रिचींनी असे योजले की, मालकाचा अधिकार त्या आज्ञेला, तिच्या कामापुरता मिळावा, माणसाला नव्हे. बँकेतला रोखपाल पैसे देतो, तिजोरीची किल्ली देत नाही, तसेच हे. या युक्तीचे पेटंट १९७९ साली मिळाले. पुढे ते सर्वांना खुले करण्यात आले.

१९८३ साली थॉम्पसन यांच्यासह ट्यूरिंग पारितोषिक मिळवणारे रिची ऑक्टोबर २०११ मध्ये निवर्तले.

मित्रांनो, लिनक्स शिकताना सदैव 'रूट' होऊन बसण्याचा मोह होतो. पण तेथे एका चुकीच्या आज्ञेने सारे पुसले जाऊ शकते. अधिकार कामापुरताच घ्यावा, हा धडा आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांनाही लागू आहे.