चार्ल्स टेलर

चार्ल्स एडवर्ड टेलर (जन्म: २४ मे १८६८, सेरो गॉर्डो, इलिनॉय, मृत्यू: ३० जानेवारी १९५६, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन यंत्रकारागीर होते. विल्बर आणि ऑर्व्हिल या राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानासाठी त्यांनी इंजिन तयार केले. इंजिनाचा आराखडा राइट बंधूंशी विचारविनिमय करून ठरला. त्याचे बहुतेक भाग मात्र टेलर यांनी सायकलच्या कारखान्यात हाताने घडवले. इतिहासातील पहिले विमान यंत्रज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. हयातीत मात्र त्यांच्या कार्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

सुरुवातीचे जीवन

टेलर यांचे बालपण नेब्रास्का राज्यात गेले. शालेय शिक्षण अर्धवट सोडून ते लहान वयातच एका वृत्तपत्राच्या कचेरीत निरोप्याचे काम करू लागले. पुढे त्यांनी यंत्रकाम आत्मसात केले आणि केर्नी या गावी तो व्यवसाय केला. तेथेच हेन्रिएटा वेबर्ट यांच्याशी त्यांचा परिचय होऊन विवाह झाला. १८९६ मध्ये हे कुटुंब ओहायो राज्यातील डेटन शहरात आले व शेतीची अवजारे आणि सायकली बनवणाऱ्या एका कारखान्यात टेलर काम करू लागले. राइट बंधूंचे सायकलचे दुकान ज्या इमारतीत होते, ती हेन्रिएटा यांच्या नातेवाइकांची होती. या संबंधातून टेलर आणि राइट बंधू यांची ओळख झाली.

राइट बंधूंकडे नोकरी

जून १९०१ मध्ये टेलर आठवड्याला १८ डॉलर वेतनावर राइट बंधूंकडे रुजू झाले. राइट बंधू उड्डाणाच्या प्रयोगांसाठी नॉर्थ कॅरोलिनातील किटी हॉक येथे जात, तेव्हा दुकानाचा कारभार व सायकलदुरुस्तीची जबाबदारी त्यांच्यावर असे. त्याच वर्षी पंखांच्या आकारांची तुलना करण्यासाठी बांधलेल्या वातबोगद्याच्या कामातही त्यांनी साहाय्य केले.

इंजिनाची निर्मिती

१९०२ च्या ग्लायडर प्रयोगांनंतर राइट बंधूंना इंजिनाची गरज भासू लागली. किमान ८ अश्वशक्ती आणि सुमारे ९० किलोग्रॅमपेक्षा कमी वजन, अशी त्यांची अपेक्षा होती. मोटारींच्या अनेक उत्पादकांना पत्रे लिहूनही योग्य इंजिन मिळाले नाही, म्हणून ते आपल्याच कारखान्यात बनवण्याचे ठरले. टेलर यांनी तोवर असे इंजिन कधीही बनवलेले नव्हते. कारखान्यात यंत्रे म्हणून एक लेथ आणि एक ड्रिल यंत्र होते. सविस्तर आराखडे काढले गेले नाहीत. प्रत्येक भागाची चर्चा होई, कागदाच्या तुकड्यावर त्याचे कच्चे रेखाटन केले जाई आणि तो कागद कामाच्या बाकासमोर लावून टेलर तो भाग घडवत. अशा रीतीने सुमारे सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले.

इंजिनात चार आडवे सिलिंडर होते. त्यांचा व्यास आणि दट्ट्याची धाव प्रत्येकी ४ इंच होती. वजन कमी राहावे म्हणून इंजिनाचा मुख्य सांगाडा तांबेमिश्रित ॲल्युमिनियमचा ठेवण्यात आला आणि तो डेटनमधील एका फाउंड्रीतून ओतून घेण्यात आला. क्रँकशाफ्टसाठी सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाचा पोलादी ठोकळा घेतला होता. टेलर यांनी त्यावर आकृती आखली, रेषेलगत भोके पाडली, छिन्नी-हातोड्याने जादा पोलाद तोडून काढले आणि उरलेला भाग लेथवर घडवला. तयार क्रँकशाफ्टचे वजन अवघे साडेआठ किलोग्रॅमच्या आसपास भरले.

१२ फेब्रुवारी १९०३ रोजी इंजिन प्रथम चालवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी पेट्रोल गळून बेअरिंग जखडली आणि इंजिनाचा सांगाडा फुटला. नवा सांगाडा ओतून घेऊन इंजिन पुन्हा जुळवावे लागले. हे दुसरे इंजिन सुमारे १२ अश्वशक्ती देत असे. अपेक्षेपेक्षा अधिक मिळालेल्या या शक्तीमुळे विमान अधिक भक्कम बांधण्यास वाव मिळाला.

इंधन आणि हवेची व्यवस्था

या इंजिनाला आजच्या अर्थाने कार्बुरेटर नव्हता आणि पेट्रोलचा पंपही नव्हता. विमानाच्या उभ्या दांडीला बांधलेल्या लहान टाकीतून पेट्रोल आपल्याच भाराने खाली येई व इंजिनावरील पत्र्याच्या एका उथळ डब्यात पडे. तेथे ते आत येणाऱ्या हवेत मिसळे. हे मिश्रण सिलिंडरांच्या तप्त आवरणालगतच्या चपट्या कक्षातून जाताना उष्णतेने पेट्रोलची वाफ होई आणि मॅनिफोल्डमधून ते चारही सिलिंडरांकडे वाटले जाई. आत घेणाऱ्या झडपा दट्ट्याच्या ओढीने आपोआप उघडत. केवळ बाहेर टाकणाऱ्या झडपा यंत्रणेने उघडाव्या लागत. हवा कमी-अधिक करण्याची सोय नसल्याने इंजिनाचा वेग बदलण्यासाठी फक्त ठिणगीची वेळ मागे-पुढे करता येत असे.

या साधेपणाची किंमतही होती. इंजिन थंड असताना ते सुमारे १६ अश्वशक्ती देई, परंतु मिनिटभरात ती १२ वर येई. आत येणारी हवा तापून विरळ होई आणि तेवढ्याच जागेत कमी मिश्रण मावत असे, हे त्याचे कारण. ज्या उष्णतेमुळे पेट्रोलची वाफ होत होती, तीच शक्ती कमी करत होती. तरीही राइट बंधूंच्या पंखांना आणि पंख्यांना एवढी शक्ती पुरेशी होती.

याच काळात सॅम्युअल लँग्ली यांच्या विमानासाठी निराळा मार्ग अवलंबला गेला. स्टीफन बाल्झर यांच्या फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनात चार्ल्स मॅन्ली यांनी बदल करून सिलिंडर स्थिर ठेवले आणि सुमारे ५२ अश्वशक्ती मिळवली. इंजिन म्हणून ते कितीतरी सरस होते, तथापि ८ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान उड्डाण न करताच पोटोमॅक नदीत कोसळले. नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, टेलर यांच्या इंजिनावर राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. त्यांतील सर्वांत दीर्घ उड्डाण ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे होते. टेलर तेव्हा डेटनमध्येच होते. त्यापूर्वी किटी हॉक येथे पंख्यांचे दांडे निकामी झाले असता ते डेटनला पाठवण्यात आले होते आणि टेलर यांनीच ते दुरुस्त करून दिले होते.

पुढील कार्य

१९०४ पासून डेटनजवळील हफमन प्रेअरी या माळरानावर झालेल्या प्रयोगांत विमानांची देखभाल टेलर पाहत. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे झालेल्या अपघातात लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मृत्युमुखी पडले आणि ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले. त्या वेळी टेलर घटनास्थळी होते. १९११ मध्ये कॅल रॉजर्स यांनी विमानाने अमेरिका ओलांडण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा टेलर दिवसाला १० डॉलर वेतनावर त्यांचे यंत्रज्ञ झाले. रॉजर्स आकाशमार्गे आणि टेलर सुटे भाग घेऊन रेल्वेने, असा हा प्रवास चालला. १७ सप्टेंबर ते ५ नोव्हेंबर या काळात विमान वारंवार कोसळले आणि प्रत्येक वेळी दुरुस्त करून पुढे गेले.

उत्तरायुष्य

१९२८ मध्ये टेलर कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. जमिनीच्या व्यवहारात त्यांची बचत बुडाली आणि महामंदीच्या काळात त्यांना हलाखीचे दिवस आले. १९३७ मध्ये ते लॉस एंजेलिसमधील एका विमान कारखान्यात ताशी ३७ सेंट मजुरीवर काम करत होते. त्याच वर्षी हेन्री फोर्ड यांनी त्यांना डिअरबॉर्न येथे बोलावले. राइट बंधूंचे घर आणि सायकलचे दुकान तेथील ग्रीनफिल्ड व्हिलेज संग्रहालयात पुन्हा उभारण्याच्या कामात टेलर यांनी भाग घेतला. १९४१ मध्ये ते कॅलिफोर्नियाला परतले. १९४५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांना काम करता आले नाही. ऑर्व्हिल राइट यांनी मृत्युपत्रात त्यांच्यासाठी वार्षिक ८०० डॉलरची तरतूद केली होती. १९५५ मध्ये ते सार्वजनिक रुग्णालयाच्या धर्मादाय कक्षात असल्याचे एका वार्ताहराच्या निदर्शनास आले. त्यानंतर विमान उद्योगातील लोकांनी निधी जमवून त्यांची खासगी शुश्रूषागृहात व्यवस्था केली. काही महिन्यांनी, ऑर्व्हिल यांच्या आठव्या स्मृतिदिनी, त्यांचे निधन झाले.

स्मृती

विमानचालनातील अग्रणींच्या स्मरणार्थ बरबँक येथे असलेल्या पोर्टल ऑफ द फोल्डेड विंग्ज या वास्तूत टेलर यांचे दफन करण्यात आले. विमानांच्या देखभालीच्या क्षेत्रात ५० वर्षे सेवा केलेल्या यंत्रज्ञांना अमेरिकेचे संघीय विमानचालन प्रशासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते. त्यांचा जन्मदिवस, २४ मे, अमेरिकेत विमान देखभाल तंत्रज्ञ दिन म्हणून पाळला जातो.