अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक



लहान मूल बोलायला शाळेत शिकते का? छे! ते शिकते आईच्या कडेवर, चुलीपुढे, ओट्यावर. आधी महिनोन् महिने नुसते ऐकते, मग एकेक शब्द बोलते, मग दोन शब्द जोडते. आपण 'पडलं', 'रडलं' म्हणतो ते ऐकून ते आपल्या मनानेच 'करलं' म्हणते. घरात सगळे हसतात. पण 'करलं' त्याला कुणी शिकवलेले नसते! त्याने नियम स्वतः शोधलेला असतो. मुलाचे हे डोके ओळखणाऱ्या एका थोर बाईंची ही माहिती.

ताराबाईंचा जन्म मुंबईत १८९२ साली झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलगी असूनही शिकता आले. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढे राजकोटला त्या अध्यापिका विद्यालयाच्या मुख्य झाल्या. तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाईंना लोक मिशीवाली आई म्हणत! इटलीच्या माँटेसरीबाईंची पद्धत तिथे चालू होती. खरखरीत कागदाचे अक्षर करायचे, मुलाने त्यावरून बोट फिरवायचे आणि तोंडाने आवाज काढायचा. बोट, डोळा आणि कान एकदमच शिकतात. पाटीवर नुसते गिरवण्यापेक्षा हे किती बरे!

१९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. पण ही शाळा शहरातल्या मुलांची. खेड्यातल्या पोरांचे काय? म्हणून १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या.

तिथे खरी अडचण कळली. वारली पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात. बाई बोलतात पुस्तकी मराठी आणि घरची बोली वेगळी. असे मूल वर्गात गप्प बसले की लोक त्याला मठ्ठ ठरवतात. आपल्या जिल्ह्यातही बागलाण-कळवणकडचे मूल घरी 'आहे' न म्हणता 'शे' म्हणते, सुरगाणा-पेठकडचे कोकणा बोलते. ते वर्गात गप्प असते तेव्हा कानाने गोळा करत असते. घरी जाऊन पाहा, किती बडबडते ते!

ताराबाईंनी मुलांना ओढून आणले नाही, शाळाच पाड्यावर नेली. झोपडीपुढच्या अंगणात मुलांना आंघोळ घालायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. महागडी साधने कुठली? शंख, शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने. मोजायचे, लावायचे, नाव सांगायचे. हातात वस्तू असली की शब्द पटकन तोंडात येतो. भाऊ-बहिणी गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरतात आणि पोरे शिकतात!

१९५७ साली हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या वारल्या. अनुताईंनी काम पुढे चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात बालविकास योजना सुरू झाली. तिच्यातल्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले 'अंगणवाडी'. आपली धाकटी भावंडे जातात तीच.