शेतकऱ्याचा पोरगा, विजेची गाडी

कंडक्टन्सचं युनिट सीमेन्स, हे फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. व्हायवात सांगितलं, मार्क मिळाले, विषय संपला. पण ज्याच्या नावाचं हे युनिट, त्या वर्नर सीमेन्सचं चरित्र वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर आपल्याच होस्टेलवरचा दिसतोय!

जन्म १३ डिसेंबर १८१६, जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लेंथे गावी. वडील खंडाने शेती करायचे. घरात चौदा भावंडं, वर्नर चौथा. इंजिनिअर व्हायचं होतं, पण फीला पैसे नव्हते. मग तो प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाला. कारण एकच, बर्लिनच्या लष्करी शाळेत विज्ञान शिकायला मिळत होतं.

१८३९ मध्ये आई वारली, १८४० मध्ये वडील. धाकट्या भावंडांचा भार तेविसाव्या वर्षी अंगावर आला. पुढे मित्राच्या द्वंद्वयुद्धात साथ दिली म्हणून किल्ल्यात कैद झाली. गड्याने कोठडीतच प्रयोग मांडले, विजेने मुलामा देण्याची रीत बसवली. माफी लवकर मिळाली, तर प्रयोग अर्धवट राहतो म्हणून हळहळला!

१८४७ मध्ये चुलतभावाकडून पैसे घेऊन हाल्स्के या कारागिरासोबत तारयंत्राचा छोटा कारखाना काढला. १८६६ मध्ये त्याने डायनामोचं तत्त्व मांडलं. लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावरच यंत्र सुरू होतं आणि आपली वीज वापरून ते चुंबकत्व वाढवत नेतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही काही जण तिथवर पोचले होते. पण आता भरपूर वीज स्वस्तात निघणार होती.

मग गाडी आली. १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात ३०० मीटरच्या गोल रुळावर त्याचं चिमुकलं इंजिन अठरा माणसं ओढू लागलं. वेग ताशी सातेक किलोमीटर. पळणारा माणूस सहज पुढे जाईल, पण धूर नाही, घोडा नाही. १८८१ मध्ये लिश्टरफेल्डला विजेची ट्राम सुरू झाली. वीज थेट रुळांतून, त्यामुळे रूळ ओलांडताना घोड्यांना शॉक बसायचे! १८८२ मध्ये वरच्या तारेवरून वीज घेणारी, बिनरुळाची गाडी रस्त्यावर चालवून दाखवली.

खरी अडचण यंत्राची नव्हतीच. बर्लिनच्या भर वस्तीत खांबांवरून विजेची रेल्वे न्यायची त्याची योजना होती. रहिवाशांनी विरोध केला, परवानगी मिळाली नाही. ६ डिसेंबर १८९२ ला तो गेला. ती रेल्वे धावली १९०२ मध्ये. आपल्या मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आली, ३१ मार्च १९६४ ला बंदही झाली.

आज फायनल इयरच्या प्रोजेक्टला कुणी बॅटरीची गाडी करतो, कुणी ड्रायव्हरशिवाय चालणारी. चांगलंच आहे. पण नायगावच्या स्टँडवर शेअरिंगच्या गाडीत दाटीवाटीने बसलेली माणसं एकदा बघा. त्यांना परवडेल का? चार्जिंग कुठे होईल? रस्त्यात म्हैस आडवी आली तर गाडीला कळेल का? आणि गाडीच आपणहून चालली तर आपल्या ड्रायव्हरमामांनी काय करायचं? मोटर फिरली की निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं सीमेन्सलाही हयातीत पुरं करता आलं नाही.

ते आपल्यासाठी शिल्लक आहे.