शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

आषाढात भाताच्या लावण्या सुरू झाल्या की पवन मावळात आणि नाणे मावळात घरे रिकामी होतात. कर्ती माणसे चिखलात, म्हातारी बांधावर. अशा दिवसांत गावातली एक खोली मात्र हमखास उघडी असते आणि तिच्यातून पोरांचा गलका ऐकू येतो. ती अंगणवाडी. लोणावळ्याच्या गल्लीबोळांपासून आंदर मावळातल्या ठाकरवाड्यांपर्यंत हा शब्द इतका रुळला आहे की तो कोणीतरी, कधीतरी, काही विचार करून वापरात आणला, हे कोणाच्या मनातही येत नाही. सरकारी शब्द म्हणून आपण तो स्वीकारला आहे. पण मंत्रालयातल्या फायलींतून असे घरगुती शब्द बाहेर पडत नसतात, एवढ्यावरून तरी शंका यायला हवी होती. ‘एकात्मिक बाल विकास सेवा योजना’ हा सरकारी शब्द. अंगणवाडी ही ताराबाई मोडक यांच्या कामातून आलेली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाचे, म्हणजे मुलीला शिकवावे की नाही या प्रश्नावर जिथे वाद होत नसे अशा मोजक्या घरांपैकी एक. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाह अमरावतीच्या मोडक वकिलांशी झाला. तो टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहानगी मुलगी. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. पगार, मान, बंगला अशी ती नोकरी. संस्थानी राजकोटात एखादीने त्या खुर्चीवर जन्म काढला असता.

त्यांनी ती सोडली. १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. तिथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक माजी वकील लहान मुलांबरोबर बसून काहीतरी निराळेच करत होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता गिजुभाईंच्या हाती माँटेसोरीबाईंचे विचार आले, वकिली सुटली आणि १९२० साली बालमंदिर सुरू झाले. छडी नाही, बक्षीस नाही, पहिला नंबर नाही. मूल आपल्या हाताने काम करील आणि आपल्या गतीने शिकेल, मोठ्यांनी आडवे यायचे नाही. आज हे वाक्य कोणत्याही शाळेच्या माहितीपत्रकात सापडते. तेव्हा ते वेडेपणाचे होते. ताराबाई या वेडात सामील झाल्या आणि नऊ वर्षे तिथे राहिल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, त्याच्या मुळाशीही हीच मंडळी.

पण बालमंदिरात एक अडचण रोज समोर येई. मूल तिथे तीन तास असणार आणि उरलेले एकवीस तास घरी. तिथे ते स्वतः पाणी ओतून घ्यायला शिके, घरी आई तांब्या हातातून काढून घेई. तिथे कोणी त्याला भीती घालत नसे, घरी बागुलबुवा तयारच. चार वर्षांच्या मुलीच्या हाती केरसुणी का दिली, एका भांड्यातले दाणे दुसऱ्या भांड्यात ओतण्यात कसले आले शिक्षण, अक्षरे कधी शिकवणार, हे प्रश्न पालक विचारणारच. त्यांना हसून चालत नाही. आपण वर्गात काय करतो आणि का करतो, हे बालशिक्षिकेने घरच्यांना सांगत राहिले पाहिजे. न सांगितले तर वर्गातले काम संध्याकाळपर्यंत पुसले जाते. ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक या गरजेतून उभे राहिले. आधी गुजराती, गिजुभाई आणि ताराबाई यांच्या संपादनाखाली. मुंबईत वाढलेल्या या बाईने गुजराती आपलीशी करून त्या भाषेत पालकांशी बोलावे, याचे आपल्याकडे फारसे कौतुक झाले नाही. १९३३ साली पत्रिकेची मराठी आवृत्ती निघाली आणि पुढची दोन दशके ताराबाईंनी ती चालवली. हिंदीत ती काशिनाथ त्रिवेदी यांनी नेली. मराठीत मुलांसाठी मासिके होती, शिक्षकांसाठीही होती. तीन वर्षांच्या मुलाच्या आईबापांना दर महिन्याला गाठून त्यांच्याशी बरोबरीने बोलणारे मासिक ही गोष्ट नवी होती.

भावनगर सोडून त्या मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले, त्याला जोडून शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही. दादरचे पालक शिकलेले, नोकरदार, पत्रिका वाचणारे, सभेला येणारे. काम जोरात चालले. १९३९ साली गिजुभाई गेले आणि त्याच वर्षी स्वतः माँटेसोरीबाई भारतात आल्या, त्यामुळे शहरांतून त्या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. प्रतिष्ठेबरोबर जे येते तेही आले. घासूनपुसून बनवलेली लाकडी साधने महाग, शाळा महाग, आणि माँटेसोरी हा शब्द पाटीवर लावायचा दागिना झाला. हे शिक्षण खेड्यातल्या, फाटक्या कपड्यांतल्या मुलाला कधी मिळणार, असा गांधीजींचा आग्रह होता. तो ताराबाईंना टोचला असणार. नाहीतर पन्नाशी उलटल्यावर दादरची बसलेली घडी मोडून कोणी जात नाही.

१९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डीत आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणकार्यात मुरलेले लोक आधीपासून होते. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि पुढे स्वतःच्या बळावर शिकलेल्या. वय पस्तीस. दोघींची गाठ बोरिवलीच्या एका प्रशिक्षण शिबिरात पडली होती. ताराबाईंच्या डोक्यात कल्पना येत आणि अनुताई त्या पायांनी चालून दाखवत, असे या जोडीचे वर्णन केले तर ते अर्धेच खरे ठरेल. पण अर्धे खरे आहे.

बोर्डीत बालवाडी मांडली. गावातली बरी मुले आली. ज्यांच्यासाठी खटाटोप ती आली नाहीत. हरिजनवाड्यातली, मजुरांची मुले यायची नाहीत. आली तरी दोन दिवसांनी गळायची. आईबाप पहाटे कामाला जात. मुलाला अंघोळ घालून, केस विंचरून शाळेत पोचवायला घरी होते कोण? जातीचा संकोच होता तो वेगळाच. आणि इथे पत्रिकेचा उपयोग नव्हता, कारण वाचणारे कोणी नव्हते. बारा वर्षे दर महिन्याला पालकांना लिहिणाऱ्या संपादकांना प्रथमच असे पालक भेटले, ज्यांच्यापर्यंत छापील अक्षर पोचतच नव्हते.

माझ्या मते ताराबाईंच्या आयुष्यातला मोठा क्षण हा आहे. आई अडाणी आहे, तिला मुलाच्या शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. अनेक शिकलेली माणसे तेच म्हणत, आजही म्हणतात. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल. शिक्षिकांनी साहित्य उचलायचे आणि वस्तीत जाऊन कोणाच्या तरी अंगणात वर्ग मांडायचा. मुलांची नखे, नाक, केस यांपासून सुरुवात. मग गाणी, गोष्टी, खेळ. लाकडी साधनांच्या जागी समुद्रकाठचे शिंपले, बिया, गारगोट्या, पाने. मोठे-लहान, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत शिकायला शिंपला काही वाईट नसतो. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवस्त्यांत या अंगणवाड्या, अशी ती रचना.

यात साहित्य स्वस्त झाले हा फायदा सर्वांना दिसतो. दुसरा फायदा कमी लोकांनी ओळखला. अंगणाला भिंत नसते. चुलीपाशी बसलेली आजी, काखेत पोर घेतलेली शेजारीण, कामावरून लवकर परतलेली आई, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर्ग चाले. बाई मुलाला न मारता कशी गप्प करते, ते आईला दिसे. आपले पोर गाणे म्हणते, शिंपले मोजते, तेही दिसे. भावनगरला आणि दादरला जे मासिकातून सांगावे लागे ते इथे न लिहिता, न छापता घरच्यांपर्यंत पोचत होते.

पुढचा टप्पा कोसबाडचा. १९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्या या टेकडीवर हलले. हा वारल्यांचा मुलूख. १९४५ सालीच जवळच्या तलासरी भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. अशा ठिकाणी मूल हे सहा-सात वर्षांचे झाले की घरातला कामकरी माणूस असते. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर आहे. मग धाकट्यासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी, मोठीसाठी प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. याला नाव दिले विकासवाडी. गुरे राखणारा मुलगा वर्गात येऊ शकत नाही, तर शिक्षिका कुरणात जाईल, ती कुरणशाळा. प्रत्येक वेळी तर्क एकच, आणि प्रत्येक वेळी हलायचे ते शिक्षिकेने. मावळातल्या कातकरी वस्तीवर कोणी गेले असेल तर कडेवर भाऊ घेतलेली ती मुलगी त्याने पाहिलेली आहे. कोसबाडला जावे लागत नाही.

ताराबाईंच्या कामाला मर्यादा नव्हत्या असे नाही. अंगणात मांडलेला वर्ग शिक्षिकेच्या ओढीवर चालतो, आणि अशा शिक्षिका हुकूम काढून मिळत नाहीत. कोसबाडचे नाव झाले, पाहुणे येऊन पाहून गेले. तसे दुसरे कोसबाड मात्र सहजासहजी उभे राहिले नाही. शहरी मध्यमवर्गाने तर आणखी गंमत केली. त्याने माँटेसोरी हे नाव ठेवले, ताराबाईंना विसरले आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन गृहपाठ सुरू केला.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने देशातल्या तेहतीस प्रकल्पांत बाल विकास योजना सुरू केली. महाराष्ट्रात मान मिळाला मेळघाटातल्या धारणीला, म्हणजे ताराबाई ज्या अमरावतीत सून म्हणून गेल्या होत्या त्याच जिल्ह्याला. योजनेच्या केंद्राचे नाव अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेच्या हाती आल्या. बोर्डीच्या अंगणात शिक्षण हाच पाया होता. सरकारी यादीत ते सहातले एक झाले. कुपोषणाच्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला यात चूक काढता येणार नाही. पण खिचडी, वजनाचा काटा, रजिस्टरे आणि आता मोबाईलवर भरायची माहिती एवढे उरकल्यावर गोष्ट सांगायला सेविकेकडे किती वेळ उरतो, हे तिलाच विचारावे. शिवाय तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा अनेक गावांना प्रथमच कळले की ती खोली बंदही होऊ शकते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हक्क दिला तो सहाव्या वर्षापासून. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शालेय रचनेत जागा मिळायला २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यावे लागले. ताराबाई राजकोटची खुर्ची सोडून भावनगरला गेल्या, त्याला तेव्हा सत्त्याण्णव वर्षे झाली होती.