धन्य रुडॉल्फ अक्वाविवा आणि कुंकळ्ळीचा उठाव
इटलीतील आत्री येथे १५५० साली सरदार घराण्यात जन्मलेले फादर रुडॉल्फ येशूसंघात दाखल होऊन १५७८ साली गोव्यास आले. १५८० ते १५८३ या काळात ते सम्राट अकबराच्या दरबारी होते. परतल्यावर त्यांच्यावर सासष्टीच्या मिशनची जबाबदारी आली.

पोर्तुगीजांनी देवळे पाडल्यामुळे कुंकळ्ळीचे गावकर संतप्त होते. २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या रुडॉल्फ यांची चार येशूसंघीय सोबत्यांसह हत्या झाली. पुढे पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना आसोळणा किल्ल्यात बोलावून ठार केले.

१८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी या पाच रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले. त्यांचा गौरव करताना गावकऱ्यांच्या दुःखाचेही स्मरण ठेवून दोघांसाठी प्रार्थना करणे, हेच ख्रिस्ती प्रीतीला शोभते.