नांगराची खबर

लोखंडी फाळानं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर त्यापायी पडून राहिले. पुढं ते खपू लागले, तरी गिऱ्हाइकाशी बोलत राहण्याची गरज काही संपली नाही. ते काम अंगावर घेतलं त्यांच्या पुतण्यानं, शंकररावांनी (१८९१-१९७५).

सोलापूरच्या डॉक्टरांचा हा मुलगा पिंडानं चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेला. १९२० साली त्यांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची वार्ता देणारं साधं पत्रक ते. बँकेत असताना मीही परिपत्रकं पुष्कळ लिहिली. ती कुणी आवडीनं वाचली असतील, असं वाटत नाही. शंकररावांनी मात्र ओळखलं, की नांगर घेणारा माणूस केवळ नांगराबद्दल वाचणार नाही. त्याला उद्योगाच्या गोष्टी हव्यात, घरादाराच्या हव्यात, आणि त्याच्या घरी बायकाही आहेत.

मग पत्रकाचं मासिक झालं, नाव नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’.

व्यापारी माणूस गिऱ्हाइकाला दुखवत नाही. शंकररावांनी तर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले. पोथी, रूढी, गाय, सगळ्यांवर घाव घालणारे. वाचक खवळले. हेच वाचक उद्या नांगराचे गिऱ्हाईक. तरी लेख थांबले नाहीत. कारखान्याच्या जाहिरातखात्यातून निघालेलं हे मासिक घरोघर वादाला विषय पुरवत राहिलं, आणि नांगरही खपत राहिले.