संत डॉन बॉस्को : शिकाऊ मुलांचा कैवारी



दरवर्षी 31 जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. इटलीत धर्मगुरूंना ‘डॉन’ म्हणतात, म्हणून ते डॉन बॉस्को.

त्यांचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीत, गरीब शेतकरी घरात झाला. ते दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. आई मार्गारेटने कष्ट करून मुलांना वाढवले. शाळा शिकता शिकता जॉनने शिंपीकाम आणि लोहारकामही शिकून घेतले. 1841 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली व ते तुरीन शहरात आले.

तेथील तुरुंगात कोवळी मुले पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. कामासाठी खेड्यांतून आलेल्या मुलांना मालक नुसते राबवून घेत. डॉन बॉस्को मालकांकडे गेले. 1851 पासून त्यांनी लेखी करार करून घेतले. मुलाला हुन्नर शिकवायचा, मारायचे नाही, इतर कामे सांगायची नाहीत, सणावारी सुट्टी द्यायची. करारावर मालकाची सही, मुलाची सही आणि फादरांचीही सही! 1853 साली त्यांनी स्वतःच चांभारकाम व शिंपीकामाचे वर्ग काढले. पुढे सुतारकाम, छपाई व लोहारकाम आले.

त्याच काळात जर्मनीत फादर अडॉल्फ कोल्पिंग तरुण कारागिरांसाठी झटत होते. ते स्वतः आधी चांभार होते. आज जर्मनीत हजारो मुले आठवड्यातील काही दिवस कारखान्यात व उरलेले शाळेत शिकतात. करार असतो, विद्यावेतनही मिळते. आपल्याकडे आयटीआय आहेत, 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदाही आहे. पण ओळखीवर गॅरेजात लागलेल्या मुलासाठी सही कोण करतो?

डॉन बॉस्को 1888 साली प्रभूघरी गेले. 1934 साली त्यांना संतपद मिळाले. त्यांचे सालेशियन धर्मगुरू 1906 साली भारतात आले.

आपल्या सेलूत दहावीचा निकाल लागला की कॉलेजला जाणाऱ्याचे पेढे वाटले जातात. आयटीआयला जाणाऱ्याचे नाव मात्र हळू आवाजात सांगितले जाते. प्रभू येशू सुताराच्या घरी वाढला, हे आम्ही विसरतो का? यंदा दोघांचेही पेढे वाटू या. आणि कामाला लागलेल्या मुलाच्या मालकाला एकदा तरी जाऊन भेटू या.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती कर.